संत्रा बर्फीचे पाच डबे: इंग्रजी शब्दांच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार

आमचा छापखाना नागपूरच्या इतवारीत. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, कधीमधी एखादं मानपत्र. या मानपत्रानेच घात केला. मागच्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्काराचं मानपत्र इंग्रजीत हवं होतं. गिऱ्हाइकाने मराठी मजकूर दिला, इंग्रजी मी केलं. ‘भरभरून कौतुक’ याचं मी ‘फुलसम प्रेझ’ केलं. फुल म्हणजे भरलेलं, मग फुलसम म्हणजे भरभरून, असा माझा हिशोब.

फ्रेम झाली, हार झाले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सरांचाच फोन. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “फुलसमचा अर्थ एकदा पाहून घे, बेटा.” पाहिला. ऐकणाऱ्याला ओकारी यावी इतकी तोंडपुजी स्तुती, असा अर्थ. पूर्वी ‘विपुल’ असाही अर्थ होता आणि काही शब्दकोश तो आजही देतात. पण जपून लिहिणारा माणूस फुलसम हा शब्द टोमणा म्हणूनच वापरतो. नवी फ्रेम माझ्या खर्चाने करून दिली.

घरी भाची आहे. अमरावतीहून शिकायला आलेली, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, नोव्हेंबरात जीआरई, म्हणजे परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीची परीक्षा, देणार. शाळा मराठी माध्यमाची, माझ्यासारखीच. तिला फुलसमचा किस्सा सांगितला तर पोट धरून हसली आणि मग गप्प झाली. तिलाही तो ‘भरपूर’च वाटला होता.

ठरलं असं: दिवाळीपर्यंत दोघांनी मिळून १,००० शब्द. ही वही त्याची नोंद.

१९ जून, बुधवार

सामान जमवलं. लग्नपत्रिकांच्या ३०० जीएसएम आर्ट कार्डाच्या कडेच्या पट्ट्या रोज निघतात, एरवी रद्दीत जातात. कटिंग मशीनवर त्यांचे तीन बाय दोन इंची तुकडे पाडले. एका बाजूला चकचकीत लॅमिनेशन असल्यामुळे त्यावर बॉलपेन चालत नाही, हे दोनशे तुकडे कापून झाल्यावर कळलं. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, सांगायचं कुणाला. पुन्हा साधे कापले.

डबे संत्रा बर्फीचे. पाच. पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनरने १९७० च्या दशकात लोकांपुढे आणलेली. नवीन कार्ड पहिल्या डब्यात. आठवलं की पुढच्या डब्यात, विसरलं की थेट पहिल्यात परत. पहिला डबा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा. ज्याला येतं त्याला कमी त्रास, ज्याला येत नाही त्याचा रोज गळा धरायचा. सगळ्या वर्गाला सारखंच पाठ करायला लावणाऱ्या मास्तरांपेक्षा हा प्रकार बरा.

भाचीची अट: डब्याला बर्फीचा वास येतोय तोपर्यंत अभ्यास करणार नाही. पुसले.

२३ जून, रविवार

तिच्या मोबाइलवर एक पीडीएफ फिरत फिरत आलेली आहे. अकराशे शब्द, प्रत्येकापुढे एका शब्दात मराठी अर्थ. आज सकाळी तर्री पोहे खाऊन त्यातूनच कार्ड लिहायला बसलो. ‘अ’मध्येच गाडी अडली.

अबेट: कमी होणे. ॲलेव्हिएट: कमी करणे. ॲसवेज: कमी करणे. पुढे शोधलं तर मिटिगेट: कमी करणे. सबसाइड: कमी होणे.

पाच कार्डं, पाचांच्या मागे एकच अर्थ. भाची म्हणाली, “मग इंग्रजांनी पाच शब्द काहून ठेवले, मामा?”

पेन खाली ठेवलं. आपण मराठीत तरी ‘कमी होणे’ कुठे म्हणतो? पूर ओसरतो. ताप उतरतो. वादळ शमतं. राग निवळतो. तहान भागते. दुखणं हलकं होतं. ‘तहान ओसरली’ म्हटलं तर आई वेड्यात काढेल. कोणतं क्रियापद कुणाच्या शेजारी बसतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, पण चुकलं की लगेच कानाला टोचतं. इंग्रजीतही तेच. अबेट होतो तो पूर किंवा वादळ. ॲलेव्हिएट करायचं ते दुखणं, दारिद्र्य. ॲसवेज होते ती भूक, भीती, मनातली अपराधी भावना. मिटिगेट करायची ती हानी, धोका, पुढे येणारा परिणाम. सबसाइड होतं ते पुराचं पाणी, सूज, आणि खाली खचणारी जमीनसुद्धा.

पीडीएफ करणाऱ्याने शब्दांचे शेजारी कापून टाकलेत. नुसतं डोकं ठेवलंय, धड नाही.

यामागे परीक्षेचा इतिहासही आहे. जीआरईत पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांचे सुटे प्रश्न असायचे. ते ऑगस्ट २०११ मध्ये काढून टाकले. सुट्या शब्दाला सुटा अर्थ तेव्हा पुरायचा. आता उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या. एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. एक बरोबर आणि एक चूक आला तर अर्धा गुणही नाही. परीक्षा बदलली, याद्या त्याच फिरून राहिल्या.

पीडीएफ डिलीट करायला लावली. नाही केली तिने, मला माहीत आहे.

२६ जून

मग शब्द घ्यायचे कुठून? थोडं वाचन केलं.

मायकल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्याला होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून नेमके कोणते शब्द आधी शिकवावेत, या खटपटीत त्याची हयात गेली. १९५३ मध्ये सुमारे २,००० शब्दांची त्याची यादी निघाली. पायाभूत इंग्रजीची ही जगप्रसिद्ध यादी आपल्याच उपखंडातल्या वर्गांतून उगवली, हे कुणी आम्हाला शाळेत सांगितलं नाही. त्यापुढची पायरी म्हणजे न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडची २००० सालची यादी: ५७० शब्दकुळं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ), अभ्यासाच्या इंग्रजी पुस्तकांतला सुमारे दहा टक्के मजकूर त्यांनी भरलेला असतो. तिथलेच पॉल नेशन यांचा हिशोब असा की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. तेव्हा कुठे पन्नास शब्दांत एकच अडतो.

म्हणजे आमच्या हजार कार्डांनी लंका जिंकली जाणार नव्हतीच.

संध्याकाळी भाचीची कॉक्सहेडच्या यादीवर परीक्षा घेतली. भारी शब्द दूरच, ‘नॉटविथस्टँडिंग’ आणि ‘ऑल्बीइट’वर अडली. ‘आर्बिट्ररी’ म्हणजे ‘आर्बिट्रेशनचं काहीतरी’ म्हणाली. (मूळ एकच आहे तसं: लवादाच्या मर्जीने, म्हणून पुढे मनमानी. पण तिने ठोकून दिलं होतं.) तळमजल्याच्या भिंती नाहीत आणि आम्ही गच्चीवर कुंड्या मांडत होतो.

लक्ष्य बदललं. १,००० खोडलं. आकडा आता लिहीत नाही.

३० जून, रविवार

पहिल्या आठवड्याची चाचणी. ६० कार्डांपैकी भाचीला २३ आली, मला १९. मी लिहिलेलं कार्ड मलाच आठवेना.

हर्मान एबिंगहाउसची आठवण काढून स्वतःची समजूत घातली. या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांचे गट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये छापले. एकदा पाठ केलेली यादी पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते, हे तो मोजायचा. वीस मिनिटांनी ५८ टक्के वाचायची, एका दिवसाने ३४ टक्के, एका महिन्याने २१ टक्के. खरी घसरण पहिल्याच दिवसात होते, पुढे ती मंदावते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड हातात घेणं सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही नेमकं तेच टाळत होतो, कारण सकाळी नळ येतो.

आता वेळ रात्रीची, जेवणानंतर. दुसरी फेरी तिची मेट्रोत. सीताबर्डीला गाडी बदलेपर्यंत पहिला डबा संपतो म्हणते.

७ जुलै, रविवार

आज आई सामील झाली. म्हणजे भाचीची आजी. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, आणि सगळ्यात चांगली कार्डं तिच्यामुळे झाली.

‘ऑफिशिअस’ अडला होता. ऑफिशिअलचा भाऊ वाटतो, पण नाही. कुणी बोलावलं नसताना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसून हुकूम सोडणारा. मी असंच काहीतरी लांबण लावून सांगत होतो. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “सरळ भोचक म्हण ना बापा. येवढं काय सांगून राहिला.”

झालं. मग रात्री साडेअकरापर्यंत सुरूच. ‘ऑब्सीक्विअस’ सांगितलं, “लाळघोट्या.” ‘टॅसिटर्न’, “घुम्या. तुह्या मामाचा बाप होता तसा.” ‘ॲसर्बिक’, “खवट.” ‘प्रोक्रॅस्टिनेट’, “चालढकल, तू कुलर साफ करायची करते ते.” या शेवटच्यात लॅटिन ‘क्रास’ म्हणजे ‘उद्या’ लपलेला आहे, उद्यावर ढकलणं. आईला सांगितलं तर म्हणाली, मग आमचा शब्द बरा, ढकलताना दिसते तरी.

शब्दकोशातल्या अर्थात आणि आईच्या अर्थात फरक काय? शब्दकोश ‘ऑब्सीक्विअस’ला ‘आज्ञाधारक, अतिनम्र’ म्हणतो. आज्ञाधारक तर शाळेच्या दाखल्यावर लिहितात! लाळघोट्या म्हटल्याबरोबर शब्दात शिवी आहे हे कळतं. शब्द कौतुकाचा की हेटाळणीचा, हे अर्थाइतकंच महत्त्वाचं, आणि माझं फुलसम तिथेच फसलं होतं.

आजपासून कार्डाच्या मागे तीन गोष्टी: घरातला शब्द, शेजारी कोण बसतं, आणि कोपऱ्यात खूण. कौतुकाला फूल, टोमण्याला काटा. दोन्ही नसेल तर काही नाही.

१४ जुलै, रविवार

चूक माझी. सारख्या अर्थाचे शब्द एकत्र शिकवले तर सोपं जाईल असं वाटलं म्हणून पैसेवाली सगळी कार्डं एकाच दिवशी दिली: फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनिअस, पेन्युरिअस, मायझर्ली, प्रॉडिगल. आज सगळ्यांची खिचडी. पेन्युरिअस म्हणजे काटकसरी म्हणाली, फ्रूगल म्हणजे कवडीचुंबक.

मराठीत आपल्याकडे किती छान उतरंड आहे! काटकसरी, हात राखून खर्च करणारा, चिकट, कंजूष, कवडीचुंबक. पहिला सून म्हणून हवा, शेवटचा व्याही म्हणून नको. फ्रूगल म्हणजे काटकसरी, फुलाची खूण. पार्सिमोनिअस चिकट. पेन्युरिअस दोन तोंडांचा: कंगालही आणि कंजूषही. प्रॉडिगल उधळ्या, बायबलमधल्या गोष्टीतला मुलगा घरी परततो म्हणून लोकांना ‘परत आलेला’ असा अर्थ वाटतो, पण शब्द त्याच्या उधळपट्टीवरून आहे.

सगळं बरोबर, पण एकत्र शिकवलं ते चूक. एका दिवशी ओळख झालेल्या सहा जावा-नणंदांची नावं नवी सून उलटसुलट घेणारच. आता अशा कार्डांत किमान आठवड्याचं अंतर. एक पक्कं झालं की दुसऱ्याची ओळख.

२८ जुलै, रविवार

पावसाने वीज गेली होती. दुपारी तीन ते सात छापखाना बंद. आजवरची सगळ्यात मजेदार बैठक.

सुरुवात ‘कंपंक्शन’ने झाली. अर्थ: वाईट करताना मनाला होणारा त्रास. ‘विदाउट कंपंक्शन’ असाच बहुतेक वेळा भेटतो, म्हणजे काहीच न वाटता. मूळ शोधलं तर लॅटिन ‘पुंगेरे’, टोचणे. मी उडालोच. मनाला टोचणी लागणे! आपण नेमकं हेच म्हणतो. हजारो मैलांवरची माणसं, अपराधी वाटल्यावर तीही म्हणाली की टोचतंय.

मग धागा ओढत गेलो. पंक्चर: टोचून पडलेलं भोक. पंजंट: नाकाला टोचणारा वास किंवा झणझणीत चव, म्हणजे सावजी रस्सा. पॉइनंट: काळजात रुतणारं. पंक्च्युअल: टिंबावर, म्हणजे वेळेच्या नेमक्या ठिपक्यावर येणारा. पंक्च्युएशन: ठिपके, म्हणजे माझा रोजचा धंदा, इतकी वर्षं प्रूफात स्वल्पविराम टोचतोय आणि ठाऊक नव्हतं. आणि ‘एक्सपंज’: यादीतल्या नावावर टोचून खूण करायची, म्हणजे ते नाव बाद. हा शब्द नागपूरकराने डिसेंबरात हमखास ऐकलेला असतो. हिवाळी अधिवेशनात कुणी काही भलतंच बोललं की ते कामकाजातून एक्सपंज होतं.

भाचीने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं चित्र काढलं आणि त्याच्या सुईतून सात दोरे. हे एकच कार्ड पोस्टकार्डाएवढं केलं.

चौदा तारखेच्या नोंदीला हे उलटं जातं का? सारखे शब्द एकत्र नकोत म्हणालो होतो. पण इथे अर्थ सारखे नाहीत, फक्त आजोबा एक आहे. सात नातवंडं सात धंद्यांत. त्यामुळे गोंधळ होत नाही. मात्र सावध राहावं लागतं: मूळ सांगतं तो आजचा अर्थ असेलच असं नाही. ‘मेरिट्रिशिअस’ बघा. मेरिट दिसतं, आणि लॅटिनमध्ये नातंही खरं आहे, ‘कमावणे’. पण कमावणारी कोण, तर वेश्या. त्यावरून अर्थ झाला भपकेबाज, वरवर झगमगीत. गुणवंतांच्या सत्काराच्या बॅनरवर कुणी हा शब्द मागितला तर मी आता छापणार नाही.

तसाच ‘नॉइसम’. आवाजाशी काही देणंघेणं नाही, ‘अनॉय’शी नातं. अर्थ: घाणेरड्या वासाचा, किळस आणणारा. या कार्डाच्या मागे तिने एवढंच लिहिलंय: उन्हाळ्यात नाग नदीचा पूल, नाकाला रुमाल.

११ ऑगस्ट

दमटपणाने कार्डं वाकली. चौथ्या डब्याला बुरशी. तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या. आईने तांदूळ मोजून घेतले.

१५ ऑगस्ट, गुरुवार

उच्चार. हे आधीच सुचायला हवं होतं. आम्ही दोघंही ‘हायपरबोल’ म्हणत होतो, आहे हायपर्बली. ‘एपिटोम’ नाही, एपिटमी. ‘अव्री’ नाही, अराय: वाकडं, फिसकटलेलं. ‘सेग’ नाही, सेग्वे. देवनागरीचा मोठा फायदा; कार्डाच्या मागे उच्चार सरळ लिहून टाकता येतो. इंग्रजी माध्यमाची मुलं उलटे ‘ई’ आणि टोप्या शिकत बसतात. तोटाही आहेच: जोर कोणत्या अक्षरावर, हे आपली लिपी दाखवत नाही. जोराच्या अक्षराखाली तांबडी रेघ मारायचं ठरलं.

भाचीने कॉलेजात ‘हायपर्बली’ म्हटल्यावर बाकीच्यांनी तिलाच दुरुस्त केलं म्हणे. बहुमतापुढे काय करणार. ती म्हणाली, मी टॅसिटर्न झाली.

३ सप्टेंबर, मंगळवार, तान्हा पोळा

आज काम शून्य. इतवारीतून मारबतीची मिरवणूक म्हणजे दुकानाचं शटर उघडणंही कठीण. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि मागून बडगे; महागाईपासून खड्ड्यांपर्यंत ज्याचा राग आला त्याचा पुतळा. “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” असा गजर. वरच्या खिडकीतून पाहत होतो तेव्हा भाची म्हणाली, “मामा, स्केपगोट!”

बरोबर की चूक यावर दीड तास वाद झाला.

शब्द विल्यम टिंडलने १५३० मध्ये बायबलच्या भाषांतरात घडवला. मूळ विधीत दोन बोकड. एक देवाला बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापं ठेवायची आणि त्याला जिवंत रानात हाकलायचं. निसटून जाणारा बोकड, म्हणून ‘एस्केप’मधला ‘स्केप’. आणि मराठीत आपण भाषांतर काय करतो? बळीचा बकरा! म्हणजे नेमका दुसराच बोकड पकडतो. पीडीएफमध्येही तेच होतं. आजच्या वापरात दोन्हींचा भाव जवळ येतो, निरपराधाच्या माथी दोष मारणे, त्यामुळे भाषांतर चालून जातं. पण मूळ चित्रात तो मरत नाही, दुसऱ्यांचं ओझं घेऊन गावाबाहेर जातो.

तिचं म्हणणं, मारबतही गावाची पीडा घेऊन गावाबाहेर जाते, म्हणजे मूळ अर्थाने मारबतच जास्त जवळची. माझं म्हणणं, मारबत निरपराध कुठे आहे, लोक तिलाच दुष्ट मानतात. बोकड बिचारा निष्पाप. आईने खालून विचारलं की एवढं कोण भांडून राहिलं.

कार्डावर दोन्ही चित्रं काढली. बोकडाच्या पाठीवर गाठोडं, मारबतीच्या हातात गाठोडं, मध्ये प्रश्नचिन्ह. हा शब्द तिला जन्मात विसरता येणार नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

हलकी बैठक, आपल्याकडून गेलेल्या शब्दांची. ‘मंगूज’ हा थेट मराठी मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत पोचला. अनेकवचन मंगूजेस; ‘गूज’चं ‘गीज’ होतं म्हणून याचं ‘मंगीज’ करायचं नाही. ‘जगरनॉट’ म्हणजे पुरीचा जगन्नाथ; त्याच्या रथावरून, वाटेत येईल ते चिरडत जाणारी अनावर शक्ती.

आणि नागपुरात बसून ‘ऑरेंज’ कसं टाळणार? संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा. पुढे युरोपात सुरुवातीचा ‘न’ गळाला, आणि शब्द इंग्रजीत आला तो ‘न’शिवायच. आपल्या मेट्रोच्या एका मार्गाचं नाव ऑरेंज लाइन; स्टेशनावरची पाटी म्हणजे संस्कृत शब्दाचा परतीचा प्रवास.

असाच ‘न’ ‘अंपायर’चाही गेला. मध्ययुगीन इंग्रजीत शिरताना तो ‘नंपायर’सारखा होता, फ्रेंच ‘नॉनपेर’वरून: जोडीतला नसलेला, तिसरा. ‘अ नंपायर’ ऐकता ऐकता लोकांनी ‘ॲन अंपायर’ केलं. ‘एप्रन’चंही हेच. अंपायरवरून जामठ्याच्या मॅचचा विषय निघाला आणि एक जुनं अडलेलं कार्ड सुटलं. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’. अंपायर डिसइंटरेस्टेड हवा, म्हणजे कुणाच्याही जिंकण्या-हरण्यात त्याचा स्वार्थ नको. पण अनइंटरेस्टेड असला, जांभया देत उभा राहिला, तर एलबीडब्ल्यू कोण देणार?

२९ सप्टेंबर

पूर्ण लांबीची सराव परीक्षा. परीक्षा मागच्या सप्टेंबरपासून आखूड झालीय. इंग्रजीचे २७ प्रश्न, ४१ मिनिटं. जूनमध्ये १४६ गुण होते, आज १५३. कमाल १७०. ती खूश नाही. चुका तपासल्या: नऊपैकी दोनच शब्दामुळे. बाकी सात वाक्याच्या वळणात; ‘दो’, ‘यट’, ‘फार फ्रॉम’ नजरेतून सुटले. म्हणजे आता कार्डं वाढवून उपयोग नाही. नवीन कार्डं बंद. रोज एक लांब उतारा, मोठ्याने.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी दुकानात यंत्रांची पूजा, दुपारी दोघं दीक्षाभूमीवर. पाय ठेवायला जागा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, आणि दर दसऱ्याला माणसांच्या बरोबरीने इथे पुस्तकांचाही मेळा भरतो. रांगोळीसारखी जमिनीवर मांडलेली पुस्तकं. डोक्यावर गाठोडं, काखेत पोर आणि हातात दोन पुस्तकं अशी माणसं दुसरीकडे मला दिसलेली नाहीत.

भाचीने एक इंग्रजी पुस्तक उचललं, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला बोलावलं, मग मजकूर पाहून बैठकच रद्द केली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ते न दिलेलं भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, १,५०० प्रती. छापणारा माणूस म्हणून हा आकडा मला नेहमी हलवतो.

ती मुखपृष्ठाकडे बघत म्हणाली, “आपल्या कार्डावर ‘नष्ट करणे’ लिहिलंय.” तिथेच धुळीत उभं राहून बोललो. ‘निहिल’ म्हणजे लॅटिनमध्ये काहीच नाही, शून्य. रिफॉर्म म्हणता आलं असतं, रिमूव्हल, अबॉलिशन. अबॉलिश होतो तो कायदा, प्रथा. उद्या दुसरा कायदा तो परत आणू शकतो. ॲनिहिलेट केलेल्याचं मागे काही उरत नाही. मराठीत मग काय? निर्मूलन म्हटलं तर मूळ उपटलं जातं, पण शेत राहतं. उच्छेद जवळ जातो. विध्वंसात आवाज फार. शेजारी उभे असलेले एक काका, यवतमाळकडचे, ऐकत होते. म्हणाले, “नायनाट म्हणा ना, पोरी. आमच्या गावात कोणालेही समजते.”

नायनाट. दोघांनीही मान हलवली. कार्ड घरी होतं, म्हणून तिने पुस्तकाच्या पहिल्या पानावरच पेन्सिलीने लिहून घेतलं. पुस्तक तिनेच घेतलं, तिच्या पैशांनी.

२० ऑक्टोबर, रविवार

मोजणी. एकूण कार्डं २४७. पाचव्या डब्यात १६२, चौथ्यात ४१, बाकी खाली. ‘टेंडेन्शिअस’ आणि ‘टेनेशिअस’ अजून रोज पहिल्या डब्यात परततात. पहिला हट्टाने एका बाजूची वकिली करणारा, दुसरा चिवट. आईच्या लेखी दोन्ही ‘तुहा मामाच’.

परीक्षा ९ नोव्हेंबरला. दिवाळीत अमरावतीला जाताना डबे नेणार म्हणते. पाच डबे बॅगेत मावत नाहीत म्हणून चौथा-पाचवा इथेच ठेवायचे ठरले. आठ आणि सोळा दिवसांनी त्यांची पाळी, तोवर येईल परत.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं, निरोप समारंभाच्या मानपत्रासाठी. म्हणाले, इंग्रजीत दोन-चार जड शब्द टाका, वजन पडतं. मी ‘थँक्यू’ टाकलं आणि खाली साहेबांनी तीस वर्षांत काय काय केलं ते तारखांसह लिहिलं. प्रूफ दाखवलंय. अजून होकार आला नाही. आगाऊ पाचशे जमा आहेत.